जुन्या दोरापासून रबरी फुग्यापर्यंत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा सरत आला होता आणि किनाऱ्यावर शाकारलेल्या होड्या पुन्हा पाण्यात उतरविण्याची लगबग सुरू झाली होती. धर्मग्रामातील एका घरी होडीला आशीर्वाद देण्यासाठी मला बोलावणे आले. घरातील थोरला मुलगा व्यापारी जहाजावर नोकरीस. रजेवर आला असताना त्याने वडिलांच्या होडीसाठी प्लास्टिकचे दोन पांढरे, फुगीर फेंडर हौसेने आणून बांधले होते. पण एका हंगामातच ते काळवंडले. मुलाने ते रंगकामातील थिनरने घासून काढले. मळ गेला खरा. मात्र दुसऱ्याच दिवशी त्यांना बोट लावावे तर बोट चिकटू लागले आणि आठवड्याभरात किनाऱ्यावरची सारी धूळ त्यांच्यावर येऊन बसली. पाणी शिंपडून मी प्रार्थना आटोपली, तेव्हा म्हातारबाबा हळूच म्हणाले, "फादर, आमचा टायर काय वाईट व्हता?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. होडी आणि धक्का यांच्यामध्ये लोंबणाऱ्या, सतत मार खाणाऱ्या या वस्तूकडे आपले लक्ष सहसा जात नाही. परंतु तिचा इतिहास पाहू गेल्यास माणसांचे, प्राण्यांचे आणि कारखान्यांचे बरेच काही तिला चिकटलेले आढळते.

'फेंडर' हा इंग्रजी शब्द रक्षण करणे या अर्थाच्या क्रियापदाचे पहिले अक्षर गळून तयार झालेला आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात हे रक्षण जुन्या दोराकडे असे. तागासारख्या हेंप नावाच्या झाडाचे तंतू वळून आणि डांबरात मुरवून केलेले नांगराचे जाडजूड दोर झिजले, की ते नांगराच्या कामातून बाद होत. पण जहाजावर काहीच फुकट जात नसे. त्या दोराचे हात-दोन हात लांबीचे तुकडे पाडीत आणि अशा तुकड्यांना खलाशी 'जंक' म्हणत. आज इंग्रजीत हा शब्द अडगळ या अर्थाने चालतो. त्याचा उगम मात्र या उपयोगी अडगळीत आहे. या तुकड्यांपासून चटया होत, पुसणी होत, आणि जहाजाच्या कुशीला टांगायचे फेंडरही होत.

त्याहूनही जीर्ण दोराची वाट वेगळी होती. त्याचे तंतू पिंजून त्यांचा बोळा फळ्यांच्या सांध्यांत लाकडी हातोड्याने ठोकीत, म्हणजे पाणी आत झिरपत नसे. हे पिंजण्याचे काम इंग्लंडमध्ये कैद्यांकडून आणि अनाथालयवजा दरिद्रीगृहांतील गरिबांकडून करून घेतले जाई. डांबराने दगडासारखा झालेला दोर नुसत्या बोटांनी उकलायचा; नखे फाटत, बोटे रक्ताळत. चार्ल्स डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट' या १८३७ ते १८३९ दरम्यान क्रमशः आलेल्या कादंबरीत छोट्या ऑलिव्हरला दरिद्रीगृहात नेमून दिलेला 'उपयुक्त उद्योग' हाच होता. १८९५ साली सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या ऑस्कर वाइल्ड या साहित्यिकालाही तुरुंगात दोर पिंजावा लागला. जहाजांचा हा दोर, शेवटी कोणाच्या ना कोणाच्या बोटांतूनच जात होता.

असा डांबरी फेंडर जन्मतःच काळा. त्याला उजळ करण्याचा विचार कोणाच्या मनात येत नसे. उलट त्याचा डाग जहाजाच्या रंगाला लागू नये, ही चिंता. म्हणून जहाज धक्क्यापासून सुटले की फेंडर लगेच आत ओढून घेण्याची शिस्त पडली. भर समुद्रात कुशीला फेंडर लोंबत ठेवून जाणे हे आजही गबाळेपणाचे लक्षण मानले जाते. घासूनपुसून चकचकीत ठेवायचे ते तक्तपोशीला. त्यासाठी मऊ वाळूच्या दगडाचे ठोकळे वापरीत. गुडघे टेकून हे काम करावे लागे, म्हणून खलाशांनी मोठ्या दगडाला 'बायबल' आणि कोपऱ्याकापऱ्यांत चालणाऱ्या लहान दगडाला 'प्रार्थनापुस्तक' अशी नावे ठेवली होती. सेमिनरीत असताना आम्हीही गुडघ्यांवर बसून लांबच लांब व्हरांडे घासले आहेत. पण आमच्या ब्रशाला इतके पवित्र नाव देण्याचे कोणाला सुचले नाही.

एकोणिसाव्या शतकात बाष्पनौका आल्या आणि मळाचे स्वरूपच बदलले. कोळशाची पूड, धुराड्यातील काजळी, यंत्राचे तेल हे सारे बंदराच्या पाण्यावर तवंगासारखे पसरू लागले आणि भरती-ओहोटीबरोबर फेंडरवर चढू लागले. मुंबईत १८७५ साली ससून डॉक आणि १८८० साली प्रिन्सेस डॉक सुरू झाली, तेव्हा दगडी धक्क्याला लागणाऱ्या लोखंडी जहाजांची वर्दळ वाढली. या जहाजांवरील आपल्या लोकांच्या कामाची वाटणी ठरून गेलेली होती. तक्तपोशीवरचे दोरखंड, रंगकाम आणि अर्थातच फेंडर हे बहुतांशी रत्नागिरीकडील आणि गुजरातेतील खलाशांकडे. तर मुंबईत आपापल्या गावच्या कुडांत उतरणारे गोव्याचे ख्रिस्ती बांधव प्रामुख्याने स्वयंपाकघरात आणि प्रवाशांच्या जेवणाच्या दालनात. एकाच जहाजावर एकाच्या हाताला डांबर आणि दुसऱ्याच्या हाताला चांदीच्या काट्याचमच्यांचे पॉलिश. घरी पाठविलेल्या पैशांना दोन्हींपैकी कसलाच वास येत नसावा.

आपल्या पश्चिम किनाऱ्याने या इतिहासात काथ्याची भर घातली. नारळाची सोडणे कित्येक महिने खाजणाच्या पाण्यात कुजवून, बडवून काढलेला काथ्या खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. तो पाण्यावर तरंगतो आणि दाबला तरी पुन्हा फुगून येतो. फेंडरला याहून अधिक काय हवे! बुचाचे तुकडे कॅनव्हासच्या पिशवीत भरून तिच्यावर दोराची वीण घालण्याची रीतही बराच काळ चालली. अशी वीण ही एक कलाच होती. क्लिफर्ड अ‍ॅश्ले या अमेरिकन चित्रकाराने १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या गाठींच्या प्रचंड कोशात तिला आवर्जून जागा मिळाली आहे. या फेंडरांची निगा सोपी, पण वेळखाऊ. शेवाळ आणि शिंपल्यांची पोरे खरवडायची, गोड्या पाण्यात बुचकळायचे आणि पूर्ण वाळवायचे. ओले गुंडाळून ठेवले तर आतून कुजणारच.

मग आला म्हातारबाबांचा लाडका टायर. चार्ल्स गुडइयरला गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची युक्ती १८३९ साली सापडली आणि जॉन डनलॉपने १८८८ मध्ये हवा भरलेली धाव सायकलीसाठी तयार केली. प्रारंभीचे टायर फिकट रंगाचे असत. ते अधिक काळ टिकावेत म्हणून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून त्यांत काजळी मिसळू लागले. काळेपणा हा टायरला लागलेला मळ नव्हे, तो त्याच्या अंगचाच. म्हणूनच होडीच्या रंगावर तो काळे ओरखडे उठवितो आणि कितीही धुतला तरी त्याचे काही बिघडत नाही. ट्रकचा झिजलेला टायर जवळपास फुकट मिळे. त्याला खाली एक भोक पाडले की पाणी साचत नाही. कोकणापासून केरळापर्यंत मच्छीमार बंदरांवर त्याने आपला जम बसविला तो उगीच नव्हे.

यापुढचा भाग लिहिताना मात्र लेखणी थोडी अडखळते. विसाव्या शतकात देवमाशांची शिकार हा कारखानदारीचा व्यवसाय बनला. १९२५ साली नॉर्वेच्या 'लान्सिंग' या जहाजाने मागील बाजूच्या उतारावरून देवमासा थेट तक्तपोशीवर ओढून घेण्याची सोय केली, आणि अंटार्क्टिकच्या समुद्रात तरते कारखाने फिरू लागले. १९३०-३१ च्या एका हंगामात सुमारे २९ हजार निळे देवमासे मारले गेले. या कारखान्यांना तेलवाहू जहाजे भर समुद्रात येऊन भिडत. तेथे धक्का नाही, आडोसा नाही. लाटांच्या हेलकाव्यांत दोन पोलादी भिंती एकमेकींवर आदळू लागल्या तर काथ्या आणि बूच यांचा क्षणात चुरा व्हावा. मग काय करीत? मारलेल्या देवमाशात, तो बुडू नये म्हणून, हवा भरलेली असेच. ती फुगलेली कलेवरेच दोन जहाजांच्या मध्ये बांधीत. पृथ्वीवरील सर्वांत मोठ्या जीवांच्या कुळाला आपण असेही राबविले, मेल्यानंतरसुद्धा.

१९५८ साली जपानच्या योकोहामा रबर कंपनीने हवा भरलेला प्रचंड रबरी फेंडर तयार केला, तो या कलेवरांची जागा घेण्यासाठी. देवमाशाच्या व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय आयोगाने १९८२ साली बंदीचा ठराव केला आणि १९८६ पासून ती अमलात आली. जपान २०१९ मध्ये आयोगातून बाहेर पडून पुन्हा शिकारीकडे वळले, तो भाग निराळा. तो रबरी फुगा मात्र जगभर पसरला. खोल समुद्रात एका टँकरमधून दुसऱ्यात तेल भरताना आजही असेच फुगे मध्ये असतात, आणि गंमत अशी, की त्यांच्या बचावासाठी त्यांच्याभोवती साखळ्यांचे जाळे आणि त्यात ओवलेले जुने टायर असतात.

आता पुन्हा त्या पांढऱ्या फेंडरकडे येऊ. तो पीव्हीसी या प्लास्टिकचा. हे प्लास्टिक मुळात कडक. वॉल्डो सेमन या अमेरिकन रसायनज्ञाला ते तेलकट द्रव्ये मिसळून रबरासारखे लवचीक करण्याची रीत १९२६ साली सापडली. उन्हाने आणि काळाने हीच द्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर पाझरतात, आणि त्या चिकटपणावर काजळी, डिझेलचा तवंग व धूळ बसते. थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावले की मळाबरोबर वरची गुळगुळीत त्वचाही विरघळते. मग आतला मऊ भाग उघडा पडतो आणि पूर्वीपेक्षा अधिक मळ धरतो. साधा साबण, कोमट पाणी आणि स्पंज, तेही मळ जुना होण्यापूर्वी, एवढेच त्याला मानवते. फार तर वर कापडी खोळ घालावी.

हे सारे मी त्या मुलाला नंतर सांगितले. तो म्हणाला, "जहाजावर आम्हांला हे शिकवतात, फादर. पण घरी आल्यावर घाई झाली." पुढल्या हंगामात गेलो तेव्हा पांढऱ्या फेंडरांना म्हाताऱ्या बाईंच्या जुन्या लुगड्याची खोळ शिवलेली होती. होडीच्या दुसऱ्या कुशीला, धक्क्याच्या बाजूला, टायर होताच.