मेहरुन्निसेचीं चार वर्षें

राजेरजवाड्यांच्या प्रेमकथांचें दैव मोठें चमत्कारिक असतें. त्या घडत असतां त्यांची नोंद करण्यास कोणी धजत नाहीं. आणि शंभर-दीडशें वर्षें लोटलीं म्हणजे जो तो त्या प्रत्यक्ष पाहिल्याप्रमाणें सांगूं लागतो. जहांगीर बादशहा आणि नूरजहान यांची कथा याच जातीची आहे. मीनाबाजारांत शाहजादा सलीम यानें आपल्या हातांतील दोन पारवे एका मुलीच्या हातीं दिले. परत येऊन पाहतो तों एक नाहींसा झालेला. 'कसा उडाला?' असें त्यानें दरडावून विचारतांच तिनें दुसराही सोडून दिला आणि 'असा' म्हणून दाखविलें. शाहजादा त्याच क्षणीं मोहित झाला. अकबरानें ती मुलगी शेर अफगन नांवाच्या सरदारास देऊन दूर बंगालकडे धाडली. पुढें सलीम तख्तावर बसला, त्यानें शेर अफगनचा कांटा काढविला आणि विधवेस आग्र्यास आणविलें. परंतु त्या मानिनीनें पतिघातक्याकडे चार वर्षें ढुंकूनही पाहिलें नाहीं, आणि अखेर १६११ मध्यें ती बादशहाची बेगम झाली. ही कथा अठराव्या शतकांतील फारसी बखरकारांनीं सजविली, त्यानंतर अलेक्झांडर डौ या स्कॉटिश ग्रंथकारानें तिला आपल्या हिंदुस्थानच्या इतिहासांत स्थान दिलें, १९०८ मध्यें द्विजेंद्रलाल रायांनीं बंगालींत नूरजहानवर नाटक लिहिलें, आणि १९३९ च्या 'पुकार' या बोलपटानें तर जहांगीर-नूरजहानची जोडी घरोघर पोंचविली.

कथा मनोरंजक आहे यांत शंका नाहीं. परंतु ती सांगणारांनीं एक पात्र पार गाळून टाकलें आहे. मेहरुन्निसा आग्र्यास आली ती एकटी आली नव्हती. तिच्याबरोबर तिची लहान मुलगी होती. तिचें नांव लाडली, म्हणजे आपल्या भाषेंत लाडकी. प्रेमकथेंत प्रियकराला वाव असतो, वैऱ्याला असतो, पारव्यालाही असतो. नायिकेच्या कडेवरील मुलीला मात्र नसतो. पण ही मुलगी एकदां ध्यानांत घेतली कीं सर्व कथेचा रंग पालटतो, असें आम्हांस वाटतें.

प्रथम निर्विवाद गोष्टी पाहूं. मेहरुन्निसेचा पिता मिर्झा घियास बेग हा इराणांतील खानदानी पण विपन्नावस्थेस पोंचलेला गृहस्थ होता. दैव काढण्यासाठीं तो सहकुटुंब हिंदुस्थानकडे निघाला असतां वाटेंत, कंदाहारजवळ, १५७७ मध्यें या मुलीचा जन्म झाला. घियास बेग अकबराच्या चाकरींत स्थिरावला. सतरा वर्षांची असतांना मुलीचें लग्न अलीकुली इस्तजलू या इराणी शिपाईगड्याशीं झालें. हा अलीकुली पूर्वी इराणच्या शहापाशीं भोजनगृहाच्या चाकरींत होता. 'शेर अफगन' ही पदवी त्यास सलीमनेंच दिली. पुढें सलीमनें बापाविरुद्ध बंड केलें तेव्हां अलीकुली त्याला सोडून अकबराच्या पक्षास गेला. १६०५ मध्यें सलीम जहांगीर होऊन तख्तावर बसला, त्यानें हा अपराध पोटांत घातला आणि बंगालमध्यें बरद्वानची जहागीर त्यास दिली.

१६०६ मध्यें बादशहाचा दूधभाऊ कुतुबुद्दीन खान कोका बंगालचा सुभेदार झाला. शेर अफगन बंडखोरांशीं संधान बांधून आहे अशी वार्ता होती. १६०७ मध्यें कुतुबुद्दीन बरद्वानास गेला. शेर अफगन एकदोन माणसांनिशीं त्यास सामोरा आला. सुभेदाराच्या लोकांनीं आपणांस घेरलें असें पाहून त्यानें तरवार उपसली आणि ती कुतुबुद्दीनच्या पोटांत खुपसली. सुभेदाराच्या लोकांनीं शेर अफगनचे तेथल्या तेथें तुकडे केले. कुतुबुद्दीनही त्याच जखमेनें मेला. मारणारा आणि मरणारा, दोघांच्याही कबरी आज बरद्वानास पीर बहरामच्या स्थानीं जवळजवळ दाखवितात.

हा खून बादशहानें करविला काय? अलाहाबादचे इतिहासकार बेनीप्रसाद यांनीं १९२२ मध्यें आपल्या जहांगीरच्या इतिहासांत या आरोपाची कसून छाननी केली आणि तो अमान्य केला. त्यांच्या बाजूला बळ देणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली ही कीं, शहाजहानच्या राज्यांत लिहिणाऱ्या इतिहासकारांस नूरजहानची कीर्ति रक्षण्याचें कारण नव्हतें. उलट तिला काळिमा लावणें त्यांच्या धन्यास रुचलें असतें. तरीही त्यांनीं हा आरोप केलेला नाहीं. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. १६०२ मध्यें अबुल फजलचा खून आपणच बीरसिंह बुंदेल्याकडून करविला, हें जहांगीर आपल्या आत्मवृत्तांत उघड उघड सांगतो आणि त्याचें समर्थनही करतो. जो पुरुष एवढा खून लपवीत नाहीं, त्यानें दुसरा लपविलाच असेल असें पुराव्यावांचून मानणें कठीण आहे. शिवाय ज्या कुतुबुद्दीनसाठीं तो मनापासून हळहळला, त्यालाच त्यानें या कामीं बळी दिलें असेल, हेंही मनास पटत नाहीं.

तथापि दुसरी बाजू अगदींच रिकामी नाहीं. १६३१ मध्यें, म्हणजे नूरजहान हयात असतांनाच, डी लाएट या डच ग्रंथकारानें लिहिलें कीं, ती कुमारी असतांनाच सलीमचें मन तिच्यावर बसलें होतें, परंतु तिची सोयरीक आधींच झालेली असल्यामुळें अकबरानें मोडता घातला. ही बाजारगप्प असेल. पण ती समकालीन बाजारगप्प आहे, शंभर वर्षांनंतरची नव्हे. तेव्हां पूर्वीचें प्रेम अशक्य नाहीं, खून मात्र अशाबीत आहे, एवढाच निवाडा आम्ही देऊं शकतों.

पण खरी उत्कंठा याहून निराळ्या ठिकाणीं आहे. १६०७ मध्यें ही तीस वर्षांची विधवा आग्र्यास आली तेव्हां तिच्या घराण्याची स्थिति काय होती? पति मेला होता तो बादशहाच्या प्रिय दूधभावाचा मारेकरी म्हणून. त्याच्या आत्म्यास नरकांतच वास मिळो, असे उद्गार बादशहानें स्वहस्तें लिहून ठेवले आहेत. त्याच वर्षीं तिचा भाऊ महंमद शरीफ खुस्रूच्या पक्षाच्या कटांत सांपडून देहान्त शिक्षेस पात्र झाला. त्याच वर्षीं पित्यावरही अफरातफरीचा आळ येऊन तो अटकेंत पडला आणि दोन लाख रुपये दंड भरून सुटला. पति, बंधु आणि पिता हे स्त्रीचे तिन्ही आधार एकाच वर्षांत कोसळले किंवा डळमळले. आणि या तिन्ही प्रकरणांत ज्याच्या शब्दावर जीवनमरण अवलंबून, तो पुरुष एकच.

तो पुरुष कसा होता हेंही ध्यानांत घ्यावें. चित्रकलेचा तो जाणकार होता, फुलांपांखरांचा सूक्ष्म निरीक्षक होता. आणि त्याच हातानें त्यानें १६०६ मध्यें लाहोरबाहेर बंडखोर पुत्राच्या शेंकडों अनुयायांस सुळावर चढवून त्या दुतर्फा रांगांमधून त्या पुत्रास हत्तीवर बसवून नेलें. शिकारींत नीलगाय बुजविली म्हणून एका मोतद्दारास ठार मारविल्याची आणि दोन भोयांच्या पायांच्या शिरा तोडविल्याची हकीकत तो स्वतःच सांगतो. अशा पुरुषाच्या छत्राखालीं, त्याच्या वैऱ्याची मुलगी पदरीं घेऊन राहणाऱ्या स्त्रीला, 'तो माझ्यावर प्रेम करील काय?' हा प्रश्न सुचण्यास अवकाश कोठला? 'उद्यां या मुलीचें काय होईल?' हाच तिचा प्रश्न असला पाहिजे.

तिला आश्रय मिळाला तो अकबराची वृद्ध विधवा रुकैया सुलतान बेगम हिच्यापाशीं. बेगम स्वतः निपुत्रिक होती; शाहजादा खुर्रम, म्हणजेच पुढील शहाजहान, याला तिनेंच वाढविलें होतें. मेहरुन्निसेवर तिचा विशेष लोभ जडला आणि ती तिला सदैव आपल्या सान्निध्यांत ठेवी, असें एका डच व्यापाऱ्यानें नमूद केलें आहे. डौसाहेबाच्या ग्रंथांत असें वर्णन आहे कीं, या काळांत ती कशिदा काढून व रेशमी वस्त्रें रंगवून आपला चरितार्थ चालवी, दासींना भरजरी वस्त्रें लेववी आणि स्वतः साध्या पांढऱ्या मलमलीवर राही. हें वर्णन उत्तरकालीन आहे, त्यावर सर्व भार टाकतां येत नाहीं. पण पुढें राणी झाल्यावर वस्त्रें, वेलबुट्ट्या व दागिने यांत तिनें जी रुचि व जी हिकमत दाखविली, ती कांहीं एका रात्रींत आलेली नव्हे.

तीं चार वर्षें तिनें मानानें नकार दिला म्हणून गेलीं, कीं बादशहाची नजर तिच्यावर पडलीच नाहीं म्हणून गेलीं? पहिलें मत कथाकारांचें, दुसरें आधुनिक संशोधकांचें. १६११ च्या नौरोजच्या उत्सवांत त्यानें तिला पाहिलें व मे महिन्यांत निका लागला, एवढेंच इतिहास सांगतो. आणि आपल्या रोजनिशींत शिकारी व फळांची वजनें देखील टिपणाऱ्या जहांगीरनें या लग्नाची नोंद केलेली नाहीं. त्या वेळीं ती चौतीस वर्षांची होती, तो एकेचाळीस. येथें आपल्या वाचकांनीं एक गोष्ट विसरूं नये. मोंगल समाजांत विधवेचा निका लाजिरवाणा नव्हता. आपल्याकडे १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा झाल्यावरही तसें लग्न करणारांना वाळींत पडण्याची भीति होती, आणि लेंकुरवाळ्या विधवेचा विचार तर सुधारकांच्या वादांतही क्वचितच येई. आपल्या मोजपट्टीनें तिचें धाडस मोजूं नये. तिच्यापुढील संकट मात्र कोणत्याही समाजांतील विधवा मातेस ओळखूं येईल असेंच होतें.

लग्नानंतरचा पालट सर्वश्रुत आहे. दंड भरून सुटलेला पिता इतिमादुद्दौला या पदवीनें दरबारांत सर्वश्रेष्ठ झाला; भाऊ आसफखान वर चढला आणि त्याची कन्या अर्जुमंद बानू १६१२ मध्यें खुर्रमला दिली गेली. राणीच्या नांवें फर्मानें निघूं लागलीं, आणि जहांगीरच्या अखेरच्या वर्षांत नाण्यांवरही तिचें नांव उमटलें. १६१७ मध्यें तिनें हत्तीवरून सहा गोळ्यांत चार वाघ मारले, याचें कौतुक बादशहानें स्वतः लिहून ठेवलें. पण आमच्या मतें याहून अर्थपूर्ण अशा दोन लहान नोंदी आहेत. १६१४ मध्यें ताप भरला असतां तो त्यानें कोणासही न कळवितां केवळ नूरजहानला सांगितला. आणि पुढच्या एका दुखण्यांत तिनें हळूहळू आपलें मद्य कमी करविलें, हें त्यानें कृतज्ञतेनें नमूद केलें. ज्याच्या भुंवईच्या हालचालीवर माणसें मरत, त्यानें आपला पेला एका स्त्रीच्या हातीं सोंपविला. या दोघांत प्रेम होतें याचा पुरावा पारव्यांच्या गोष्टींत नसून या दुखण्यांच्या नोंदींत आहे.

आतां लाडलीकडे वळूं. इतिहासकार नूरजहानला दोष देतात तो मुख्यतः एका गोष्टीबद्दल: मुलीसाठीं तिनें साम्राज्याची घडी विसकटली. कैदेंत असलेल्या खुस्रूस लाडली देऊं केली असतां त्यानें पत्नीवरील प्रेमास्तव ती नाकारली, अशी हकीकत पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशानें लिहिली आहे. अखेर १६२१ मध्यें लाडलीचें लग्न बादशहाचा धाकटा पुत्र शहर्यार याच्याशीं झालें. त्या दिवसापासून खुर्रमशीं तिचें सख्य संपलें. पुढल्याच वर्षीं खुस्रू बऱ्हाणपुरास खुर्रमच्या ताब्यांत असतां मरण पावला. त्याच वर्षीं खुर्रमनें बंड उभारलें, आणि त्या धामधुमींत आपल्या दक्षिणेंतील मलिक अंबरही गुंतला. राज्यकारभाराच्या दृष्टीनें हा विवाह ही मोठी चूक होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ती केवळ सत्तालोभाची चूक होती काय? १६०७ चें वर्ष जिनें भोगलें, आणि राजाची मर्जी हेंच एकमेव छप्पर असलेल्या घरांत जिनें मूल वाढविलें, तिला आपली मुलगी कोणाच्याही मर्जीवर राहूं नये असें वाटणें हें स्वाभाविक नव्हे काय? जावई तख्तावर बसला तरच तें साधणार होतें.

१६२६ मध्यें झेलमच्या कांठीं महाबतखानानें बादशहास कैद केलें. नूरजहान निसटून पैलतीरीं गेली, भावाची व सरदारांची तिनें निर्भर्त्सना केली, आणि दुसऱ्या दिवशीं हत्तीवर बसून नदी ओलांडून चालून गेली. त्या अंबारींत तिच्याजवळ शहर्यारची तान्ही मुलगी व तिची दाई होती. दाईच्या दंडांत बाण घुसला. तो बेगमेनें स्वहस्तें उपटून काढला आणि तिचीं वस्त्रें रक्तानें भिजलीं. हा हल्ला फसला. तेव्हां ती आपण होऊन पतीच्या कैदेंत गेली, आणि कांहीं महिन्यांतच युक्तीनें त्याला सोडवून आली. रणांतही नातीला जवळ ठेवणारी ही स्त्री कथाकारांच्या मीनाबाजारांतील मुलीहून कितीतरी मोठी आहे.

१६२७ च्या ऑक्टोबरांत जहांगीर वारला. आसफखानानें जावयाचा पक्ष धरला, बहिणीस पहाऱ्यांत ठेवलें. शहर्यारचे डोळे काढण्यांत आले आणि १६२८ च्या आरंभीं शहाजहानच्या आज्ञेनें त्याचा वध झाला. जें टाळण्यासाठीं आईनें एवढें राजकारण केलें, तेंच मुलीच्या कपाळीं आलें: नव्या बादशहाच्या वैऱ्याची विधवा, आणि पदरीं एक लहान मुलगी. वीस वर्षांपूर्वीं आई जेथें उभी होती, अगदीं तेथेंच आतां लाडली उभी राहिली. फरक एवढाच, कीं तिच्या पाठीशीं आई होती.

शहाजहाननें नूरजहानला सालीना दोन लाखांची नेमणूक करून दिली. मायलेकी लाहोरास राहिल्या. १६४५ मध्यें नूरजहान वारली. शाहदऱ्यास जहांगीरच्या भव्य मकबऱ्यापासून थोड्या अंतरावर तिचा मकबरा आहे. जहांगीरची कबर त्याच्या मकबऱ्यांत एकटीच आहे. नूरजहानच्या शेजारीं मात्र लाडली निजली आहे. कोणाची सोबत तिला अखेरपर्यंत हवी होती, हें तिच्या चरित्रकारांनीं निदान येथें तरी वाचावें.