मिन्योंचा पहिला अंक

पॅरिसच्या ऑपेरा-कॉमिक या संस्थेचं नाव ऐकलं की वाटतं, तिथे विनोदी खेळच होत असतील. तसं नव्हतं. तिथला ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा लांबचा भाऊ. गाण्यांच्या मध्ये गद्य संवाद असायचे आणि नटाला गाता आणि बोलता दोन्ही यावं लागे. ‘कार्मेन’ पहिल्यांदा तिथेच झाला (१८७५) आणि हिंदुस्थानात घडणारा ‘लाक्मे’ही तिथलाच (१८८३). मध्यमवर्गीय घरं मुलाबाळांसह तिथे जात. तिथल्या बॉक्समध्ये बसून मुलामुलींच्या पहिल्या भेटीगाठी ठरत. ज्या घरात मुलगी दाखवायला न्यायची, ते घर लोकांना किती भरवशाचं वाटत असेल!

बुधवार, २५ मे १८८७ च्या रात्री त्या घरात ८४ माणसं मेली. हा अधिकृत आकडा. खरा आकडा याहून मोठा असावा असं तेव्हाही अनेकांना वाटत होतं.

४९ वर्षे आधी

जानेवारी १८३८. याच जागेवरचं पहिलं थिएटर, साल फाव्हार, खेळ संपून प्रेक्षक घरी गेल्यावर रात्रीत जळून जातं. तेव्हा तिथे इटालियन मंडळी असते. तिचा एक संचालक जीव वाचवण्यासाठी उडी मारतो आणि त्यातच जातो. १८४० मध्ये त्याच जागेवर दुसरं साल फाव्हार उभं राहतं आणि ऑपेरा-कॉमिक तिथे राहायला येतं. जागा आगीला एकदा बळी पडलेली आहे, हे पॅरिसला ठाऊक आहे.

६ वर्षे आधी

१८८१ हे साल नाटकवाल्यांनी कधी विसरू नये असं आहे. मार्चमध्ये नीस शहरातलं ऑपेरागृह गॅसच्या स्फोटानंतर जळतं. ८ डिसेंबरला व्हिएन्नाच्या रिंग थिएटरमध्ये ओफेनबाखच्या ‘हॉफमनच्या कथा’चा खेळ सुरू व्हायच्या बेतात असतो. रंगमंचावरचे गॅसदिवे पेटवताना आधीच साठलेला गॅस भडकतो. गॅस बंद केला जातो आणि सगळीकडे काळोख होतो. तेलाचे आपत्कालीन दिवे पेटवलेलेच नसतात. शेकडो माणसं अंधाऱ्या जिन्यांत अडकून मरतात. अधिकृत मोजणी ३८४.

‘हॉफमनच्या कथा’चा पहिला प्रयोग त्याच वर्षी फेब्रुवारीत ऑपेरा-कॉमिकमध्येच झालेला असतो. त्यातल्या खलपुरुषांच्या भूमिका एमिल-अलेक्झांद्र तास्कँ या गायकनटाने केलेल्या असतात. हे नाव पुढे लागेल.

त्याच साली लंडनचं सॅव्हॉय थिएटर विजेच्या दिव्यांनी उजळतं. म्हणजे गॅसला पर्याय नव्हता असं कुणी म्हणू शकत नाही.

१३ दिवस आधी

१२ मे १८८७, फ्रेंच संसद. स्टीनाकर्स हे खासदार सरकारला विचारतात, ऑपेरा-कॉमिकच्या सुरक्षिततेचं काय? उत्तर देतात शिक्षणमंत्री मार्सलँ बर्तलो. हा माणूस साधासुधा नव्हे, युरोपातल्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञांपैकी एक. ज्वलन म्हणजे काय, हे त्या सभागृहात त्यांच्याइतकं कुणालाच कळत नसावं. ते धोका नाकारत नाहीत. थिएटरं जळतात हा आकडेवारीचा नियम सांगून ते म्हणतात, ऑपेरा-कॉमिकही कधीतरी जळणार हे जवळपास धरून चालावं लागेल. ती वेळ लवकर येऊ नये, एवढी आशा ते व्यक्त करतात.

हे उत्तर मी अनेकदा मनात घोळवलं आहे. त्यात खोटं काहीच नाही. मंत्र्याला माहिती आहे, त्याने ती लपवलेली नाही, संसदेनेही ती ऐकली आहे. पण त्या वाक्यातून एकही काम निघत नाही. एक जिना रुंद होत नाही, एक दार बाहेरच्या बाजूला उघडत नाही. धोका एकदा ‘संभाव्यता’ या शब्दात बसला की तो कुणा एकाचा राहत नाही.

८ दिवस आधी

१७ मे. सरकारच पडतं. कारण अर्थसंकल्पाचं, थिएटरचा त्याच्याशी संबंध नाही. नवं मंत्रिमंडळ ३० मेला येणार. मधले दिवस जुने मंत्री कारभार सांभाळतात. असल्या दिवसांत कुठल्याही देशात मोठा निर्णय होत नाही.

३ तास आधी

गॅसच्या काळातल्या थिएटरची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणायची तर आधी वर बघावं लागेल. रंगमंचाच्या डोक्यावर, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या उंचीवर, लांब नळ्या आडव्या टांगलेल्या असत. प्रत्येक नळीवर बर्नरची रांग. ज्योतीभोवती तारेची जाळी. या नळ्या लपवण्यासाठी पुढे-मागे रंगवलेल्या कापडी झालरी सोडलेल्या. आभाळ हवं तर आभाळाच्या, रान हवं तर पानांच्या. म्हणजे उघडी ज्योत आणि कापड यांच्यात अंतर किती, तर वीत-दोन वीत. भोवती सगळं लाकूड, दोरखंड आणि गुंडाळलेले पडदे. सरसात कालवलेल्या रंगांचे थरावर थर चढलेले पडदे रोज त्या उष्णतेत वाळत.

सगळ्या नळ्यांच्या चाव्या एकत्र असलेल्या फळीला फ्रेंच रंगकर्मी ‘ऑर्गन’ म्हणत. तिथे बसलेला माणूस पहाट करी, संध्याकाळ करी. आज प्रकाशयोजनेच्या टेबलावर बसणाऱ्याचा तो पूर्वज.

१ तास आधी

लोक येऊ लागतात. महाग तिकिटांची माणसं खाली आणि पहिल्या मजल्यावरच्या बॉक्समध्ये. स्वस्त तिकिटांची वर, आणखी वर. त्यांना जिने जास्त आणि ते अरुंद. दुसऱ्या बाजूला, रंगमंचामागच्या मजल्यांवर कोरसच्या बायका, नर्तकी आणि कपडे चढवून देणाऱ्या बाया आरशांपुढे दाटीवाटीने बसलेल्या. त्यांनाही खाली यायला जिनाच.

आपल्याकडे तिसरी घंटा होते. फ्रेंच रंगभूमीवर पडदा उघडण्याआधी काठीचे तीन ठोके पडतात. ते पडले की प्रेक्षागृह शांत होतं, कारण आता जे होईल ते आपल्यासाठी रचलेलं आहे असा विश्वास सगळ्यांनी एकदम टाकलेला असतो.

काही मिनिटे आधी

आंब्रुआज तोमा यांचं ‘मिन्यों’. याच रंगमंचावर १८६६ मध्ये पहिल्यांदा झालेलं आणि तेव्हापासून शेकडो प्रयोग पाहिलेलं. मूळ गोष्ट गटेच्या कादंबरीतली. लहानपणी पळवून नेलेली मिन्यों फिरस्त्यांच्या टोळीत नाचते. लोथारिओ हा स्मृती हरवलेला म्हातारा गवई गावोगाव आपली मुलगी शोधत हिंडतो. पहिला अंक एका जर्मन खाणावळीच्या अंगणात घडतो. त्या रात्री लोथारिओ झालेत तास्कँ.

या ऑपेराच्या दुसऱ्या अंकात आग आहे. एका वाड्यात नाटकमंडळीचा खेळ चालू असतो. मत्सराने पेटलेल्या मिन्योंच्या तोंडून निघून जातं की या वाड्याला आग लागावी. ते लोथारिओच्या कानावर पडतं आणि तो खरंच आग लावतो. जी आग रचलेली होती ती दुसऱ्या अंकातली. त्या अंकापर्यंत प्रयोग पोचलाच नाही.

रात्री ९ च्या सुमारास

पहिला अंक चालू आहे. वरच्या गॅसदिव्यांपाशी नेपथ्याच्या कापडाचा एक तुकडा पेट घेतो. ठिणग्या रंगमंचावर गळू लागतात.

पहिली काही मिनिटे

तास्कँ पळत नाहीत. ते रंगमंचाच्या पुढच्या कडेला येतात आणि घाबरू नका म्हणून लोकांना धीर देतात. दुसऱ्या अंकात वाडा पेटवायचा होता तोच म्हातारा आता हजारभर लोकांची घबराट आवरतो आहे. त्या क्षणी नटाच्या हाती असतं काय? एक आवाज आणि त्या आवाजावर लोकांचा विश्वास. तेवढं त्यांनी वापरलं. खालच्या मजल्यांवरचे बहुतेक लोक बाहेर पडले, त्यात त्या धीराचा वाटा मोठा होता. त्यांचं हे धैर्य पॅरिसने पुढे विसरू दिलं नाही.

त्यानंतर

आवाज वरच्या गॅलरीपर्यंत पोचला तरी धूर त्याच्या आधी पोचतो. उष्ण धूर वर चढतो, आणि स्वस्त तिकीट वरच असतं. गॅस बंद होतो, दिवे जातात. व्हिएन्नात जे झालं होतं ते पायरीपायरीने पुन्हा घडतं. काळोख, अनोळखी जिने, मागून रेटणारी गर्दी. मेलेल्यांपैकी पुष्कळजण ज्वाळांनी नव्हे, तर धुराने गुदमरून गेले. त्यांत प्रेक्षक होते, तसेच थिएटरचे नोकर, कपडेवाल्या बाया आणि नर्तकीही होत्या. रोज तिथे राबणाऱ्यांनाही बाहेरची वाट सापडली नाही. मग ज्यांनी आयुष्यात एकदाच तिकीट काढलं असेल त्यांना ती कुठून सापडणार?

इमारत रात्रभर जळत राहते. वेशभूषा, नेपथ्य, संगीताच्या ग्रंथालयातल्या संहिता, सगळ्याची राख होते.

नंतर

संचालक लेऑं कार्व्हालो यांच्यावर खटला चालला. खालच्या न्यायालयाने तुरुंगवासाची शिक्षा दिली, अपिलात ते सुटले आणि १८९१ मध्ये त्याच संस्थेचे पुन्हा संचालक झाले. पॅरिसच्या थिएटरांतून गॅस गेला आणि वीज आली. १३ दिवसांपूर्वी ज्याला घाई नव्हती ते काम आता निकडीचं झालं. ‘मिन्यों’चा हजारावा प्रयोग १८९४ मध्ये दुसऱ्या जागी झाला. तोमा स्वतः हजर होते, वय ८२. तिसरं साल फाव्हार, विजेच्या दिव्यांचं, त्याच जागेवर ७ डिसेंबर १८९८ ला उघडलं. ते आजही उभं आहे. त्या रात्रीच्या मृतांचं स्मारक पेर-लाशेझ दफनभूमीत आहे.

आपला काळ

मी हौशी रंगभूमीवर पडद्यामागे काम करतो. काही वर्षांपूर्वी आमचा प्रयोग एका गावच्या सभागृहात होता. वर बाल्कनी भरलेली. तिच्या जिन्याच्या पायथ्याचं दार साखळी घालून कुलूपबंद. फुकटे घुसतात म्हणून, असं सांगितलं गेलं. किल्ली कुणाकडे आहे विचारलं, तर माणूस येईलच इतक्यात. मी मान डोलावली आणि दिवे लावायला गेलो. प्रयोग रंगला, टाळ्या पडल्या. किल्ली आलीच नाही.

त्या रात्री काही झालं नाही, म्हणून मी निर्दोष ठरत नाही. बर्तलोंना जेवढं माहीत होतं तेवढं मलाही माहीत होतं, आणि मीही त्यांच्यासारखीच फक्त आशा केली. ऑपेरा-कॉमिकची हकिगत वाचल्यावर हे माझ्या लक्षात आलं आणि ते अजून बोचतं.

आता पहिल्या घंटेआधी मी बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसतो. सभागृहातले दिवे बंद करायला सांगतो आणि भिंतीला हात लावत, अंधारात, जिना उतरून रस्त्यापर्यंत चालत येतो. वाटेत एखादं दार बंद लागलं तर तिथेच थांबतो. किल्ली येईपर्यंत आमची तिसरी घंटा होत नाही.