कांजीसाठी घडलेली, फुलपाखरावर रोखलेली

पंखांवरचे खवले सुटे दिसावेत असे फुलपाखरांचे फोटो आता ढिगाने बघायला मिळतात. ते ज्या मॅक्रो लेन्समधून निघतात, तिच्या घराण्याची एक नामवंत शाखा जंगलात नव्हे, दफ्तरखान्यात जन्मली.

जपानमध्ये जुने ग्रंथ, कागदपत्रे मायक्रोफिल्मवर उतरवताना एक अडचण आली. रोमन अक्षरे लेन्सला झेपत. पण जपानी लिपीतल्या कांजीच्या एकेका चिन्हात पंधरा-वीस रेघाही दाटीवाटीने बसलेल्या असतात. लहान फिल्मवर त्यांचा नुसता गिचका होई. निकॉनने १९५६ मध्ये आणलेली ५० मिलिमीटरची मायक्रो-निकॉर हे त्यावरचे उत्तर होते. मानाचे पहिले पान मात्र तिचे नाही. लेन्सकार हाइन्झ किल्फिट यांची मॅक्रो-किलार १९५५ मध्येच बाजारात आली होती.

कागद पळत नाही, फुलपाखरू पळते.

एसएलआर कॅमेऱ्यांसाठी ५५ मिलिमीटरची मायक्रो-निकॉर १९६१ मध्ये आली खरी, पण जीव फिल्मवर त्याच्या मूळ आकाराएवढा हवा तर लेन्सचे तोंड त्याच्यापासून काही बोटांवर न्यावे लागे. थंड देशांत पहाटेच्या गारठ्यात फुलपाखरू निपचित बसते, तिथे हे जमून जाते. सह्याद्रीत किंवा मलायाच्या जंगलात ऊन वर आले की त्याचे अंग तापते आणि नुसती सावली सरकली तरी ते भुर्रकन उडते. लांबून टिपणाऱ्या ९०-१०० मिलिमीटरच्या लेन्सना इथे मागणी आली ती त्यामुळे. टॅमरॉनची गाजलेली ९० मिलिमीटरची लेन्स १९७९ मधली.

दुसरे दुखणे प्रकाशाचे. लेन्स जितकी पुढे सरकवावी तितका फिल्मवरचा उजेड घटतो. मूळ आकाराला तो चौथा हिस्सा उरतो. त्यात सदाहरित रानातला अंधार! फ्लॅश किती हवा याची आकडेमोड करेपर्यंत पाखरू पसार. १९७५ च्या ऑलिंपस ओएम-२ ने फिल्मवरून परतणारा प्रकाश मोजून फ्लॅश आपोआप तोडायची सोय केली. या साऱ्या कहाणीत हौशी माणसाचे सर्वांत भले कोणी केले असेल, तर ते याच सोयीने.

एक गोष्ट अजून कोणाला सुटलेली नाही. मूळ आकारात लेन्सचे छिद्र एफ-१६ इतके बारीक ठेवले तरी जेमतेम दोन मिलिमीटर खोलीच रेखीव येते. म्हणून जाणकार ओढ्याकाठी चिखलपान करणारा नर गाठतात. क्षार शोषण्यात तो गुंगलेला असतो, पंख बहुधा मिटलेले. मग पोटावर सरपटत जायचे आणि कॅमेरा मिटल्या पंखाला समांतर धरायचा, की कडेपासून कडेपर्यंत सगळी नक्षी स्पष्ट.

काही जण फुलपाखरू फ्रिजमध्ये गारठवून फांदीवर ठेवतात आणि फोटो जंगलातला म्हणून खपवतात. स्पर्धांच्या परीक्षकांनी असे फोटो सरळ बाद करावेत.