वाडिया : कसबाचे आडनाव

मुंबईत ‘वाडिया’ म्हटले की रुग्णालय आठवते. पण या आडनावाचे मूळ गोदीत आहे. लवजी नसरवानजी 1736 मध्ये सुतारांना घेऊन सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या इथे जहाजे बांधली. गुजरातीत जहाज बांधणारा तो वाडिया. माझ्या मते हा शब्द संस्कृत ‘वर्धकि’, म्हणजे सुतार, याच्या कुळातला आहे. पालीत त्याचा ‘वड्ढकि’ झाला, हिंदीत ‘बढई’. मुळाशी अर्थ आहे कापण्याचा; गुजरातीत ‘वाढवुं’ म्हणजे आजही कापणे. जहाजाच्या सुताराचे कसब तेच होते. सागवानी फळीची कड वाकसाने अशी तासायची, की ती शेजारच्या फळीच्या खाचेत घट्ट बसावी आणि पाण्याला वाट मिळू नये.

‘वाडीत राहणारा तो वाडिया’ ही व्युत्पत्ती अधिक सोपी नाही का? सोपी आहे, पण मिस्त्री, दारूवाला अशी धंद्यावरून पडलेली पारशी आडनावे मुबलक आहेत, आणि या घराण्याचा धंदा तर निर्विवाद आहे. मग ‘ढ’चा ‘ड’ कसा झाला? महाप्राण सैल पडणे आपल्या भाषांना नवे नाही. प्राकृत ‘हत्थ’चा मराठीत ‘हात’ झालाच. याच घराण्याने 1817 मध्ये मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगते आहे. त्याचे श्रेय एका घराण्याच्या नावावर जमा होते. शब्दाचा मूळ अर्थ मानायचा, तर वाकस धरणारा प्रत्येक सुतार त्या श्रेयाचा वाटेकरी आहे.