जाते, स्टो आणि मिक्सर : घरगुती दुरुस्तीचा इतिहास

घरातले यंत्र बंद पडले की मिस्त्री येतो, झाकण उघडतो, मान हलवतो आणि सांगतो, "बाई, बोर्ड गेला. त्यापेक्षा नवीनच घ्या." नुसते येऊन पाहिल्याचे पैसे निराळे. पूर्वी असे नव्हते, असे घरातील वडीलधाऱ्या बायका म्हणतात. त्यांचे म्हणणे कितपत खरे आहे, हे या निमित्ताने पाहू.

पूर्वी वस्तू बिघडत नसत, असे मात्र मुळीच नाही. दळून दळून जात्याच्या तळ्या गुळगुळीत होत आणि पीठ जाडेभरडे पडू लागे. मग "जात्याला टाकी, पाट्याला टाकी" अशी हाळी देत येणाऱ्या बाईला बोलावून दगडावर पुन्हा बारीक खाचे पाडून घ्यावे लागत. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की ताक, आमटी कळकत असे. कल्हईवाला अंगणात भाता लावी, भांडे तापवी, नवसागर टाकी आणि कथील फिरवी. भांडे पाहता पाहता रुप्यासारखे चकाके. या कामांना पैसे पडतच. पण ते आधी ठरत, काम घरधनिणीच्या डोळ्यांदेखत होई, आणि बिघाड काय आहे हे तिला त्या कारागिराइतकेच ठाऊक असे.

यंत्रयुग स्वयंपाकघरात आले तेव्हाही हे ज्ञान लगेच हातचे गेले नाही. स्वीडनमधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ मध्ये वातीवाचून जळणारा रॉकेलचा स्टो तयार केला. तोच पुढे 'प्रायमस' या नावाने जगभर गेला आणि आपल्याकडे घराघरांत फरफरू लागला. त्याची रचना सोपी होती. पंपाच्या हवेने रॉकेल वर चढते, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि बारीक छिद्रातून ती बाहेर पडून जळते. छिद्रात काजळी अडकली तर पिन मारावी. पंप हवा धरीना तर चामड्याच्या वायसरला तेल लावावे किंवा तो बदलावा. स्टो धोक्याचा होता, त्याच्या भडक्यात कित्येक स्त्रियांचे प्राण गेले, हे विसरता येणार नाही. परंतु त्याचा सुटा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळे आणि तो बसवता येई.

विजेची उपकरणे आली तेव्हा हा क्रम मोडला. याचे बोधप्रद उदाहरण मुंबईतच घडले. सीमेन्स कंपनीत काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडे जर्मन बनावटीचा ब्राउन मिक्सर होता. १९६० नंतरच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत त्याची मोटर जळाली आणि येथे ती दुरुस्त होण्याची सोय नव्हती. दोष वापरणारीचा नव्हता. तिकडची यंत्रे फळांचा रस आणि केकचे मिश्रण यांसाठी घडवलेली. भिजवलेले डाळ-तांदूळ, सुके खोबरे, हळकुंड हे काम त्यांच्या कल्पनेतही नव्हते. माधुरीबाईंनी नवऱ्याला आव्हान दिले आणि त्यातून आपल्या वाटणाला पुरून उरेल अशा मोटरीचा 'सुमीत' मिक्सर जन्माला आला. जळालेल्या एका मोटरीमुळे देशातल्या असंख्य घरांतील पाटा-वरवंट्याचे कष्ट हलके झाले.

वस्तू लवकर निकामी होण्यामागे दर वेळी अडाणीपणाच असतो असेही नाही. १९२४ मध्ये जिनीव्हा येथे जगातील मोठ्या दिवा-उत्पादकांनी संगनमत करून विजेच्या दिव्याचे आयुष्य सुमारे १००० तासांवर आणण्याचे ठरवले. त्याहून अधिक टिकणारे दिवे काढणाऱ्या कारखान्याला दंड होई. फार टिकाऊ दिवा त्याच विजेत उजेड कमी देतो, हा त्यांचा युक्तिवाद अगदीच खोटा नव्हता. पण विक्री वाढावी हा हेतूही लपलेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ते संगनमत मोडले. त्यामागची वृत्ती मात्र उरली.

आता तिच्याविरुद्ध लोक जागे होत आहेत. २००९ मध्ये आम्स्टरडॅम येथे मार्टिन पोस्टमा या बाईंनी 'रिपेअर कॅफे' सुरू केला. तेथे शेजारीपाजारी जमून मोडक्या वस्तू एकमेकांच्या मदतीने दुरुस्त करू लागले, आणि ती प्रथा अनेक देशांत पसरली. युरोपीय संघाने २०२१ पासून धुलाई यंत्राचे काही सुटे भाग १० वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन घातले. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, त्यासाठी संकेतस्थळ उघडले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांचा त्यात विचार आहे.

तेव्हा वडीलधाऱ्यांचे म्हणणे निम्मे खरे ठरते. वस्तू तेव्हाही बिघडत. परंतु बिघाड समजत असे आणि सुटा भाग मिळत असे. कायदा आपल्या दारी पोचेल तेव्हा पोचो. तोवर यंत्र घेताना रंग आणि सवलत यांच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात : आपल्या घरच्या कामाला ते पुरे पडेल काय, सुटे भाग किती वर्षे मिळतील, आणि गावात ते उघडणारा कोण आहे. मिस्त्री आला असता त्याच्यापाशी उभे राहून काय बदलले ते पाहावे, जुना भाग मागून घ्यावा, पावती जपावी. आणि मंडळाच्या एखाद्या दुपारी भगिनींनी मिक्सरचा ब्रश बदलणे, इस्त्रीची वायर तपासणे एवढे जरी एखाद्या जाणत्या कारागिराकडून शिकून घेतले, तरी "बोर्ड गेला" हे वाक्य ऐकल्याबरोबर पाकीट उघडण्याची पाळी दर वेळी येणार नाही.