क्षयाची सुई आणि कानांचा पहारा

१९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत शॅट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन शोधून काढले आणि क्षयरोग्यांना जीवदान मिळू लागले. परंतु लवकरच दिसून आले की, या औषधाने कित्येकांचा तोल जातो, कित्येकांना ऐकू येईनासे होते. १९५७ साली जपानात निघालेल्या कॅनामायसिनचा गुणही तोच आणि दोषही तोच.

अंतर्कर्णातील केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. प्रथम लोपतात ते चढे स्वर; बोलणे ऐकू येत असते, म्हणून रोग्याला नुकसान उमगत नाही. उपचारापूर्वी व नंतर दरमहा यंत्राने श्रवण मोजणे, हाच पहारा. पण आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार कोयता घेऊन सहा सहा महिने परमुलखात. त्याचे कान कोणी मोजावे?

२०१३ साली मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांचे श्रवण अशाच उपचारात गेले. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन वर्ज्य ठरविले. बेडाक्विलिन या तोंडाने घ्यावयाच्या औषधावरील पेटंटची मुदत वाढू नये म्हणून नंदिताबाईंनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला.

धोकाच टळावा हे उत्तम. पण जेथे अशी सुई अद्याप अटळ आहे, तेथे पहारा सुटता कामा नये.