वापरलेला कॅमेरा ठेवावा की टाकावा? चंद्रावरील एका निर्णयाची कथा

शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात किंवा एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर कधी कधी एक जड, चौकोनी कॅमेरा सापडतो. त्यात १२० क्रमांकाची रुंद फिल्म बसते आणि एका फिल्मवर बारा चौरस छायाचित्रे निघतात. आता तो कोणी वापरत नाही. मग तो ठेवावा की देऊन टाकावा? जुलै १९६९ मध्ये पृथ्वीपासून सुमारे चार लाख किलोमीटर अंतरावर याच जातीच्या एका कॅमेऱ्याबाबत असा निर्णय अमलात आला. तो कोणत्या विचाराने घेतला गेला, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम ही जात समजून घेऊ. एके काळी घरोघरी दिसणाऱ्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील एक चित्र २४ × ३६ मिलिमीटरचे, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचे असते. मध्यम आकाराच्या फिल्मवरील चौरस चित्राची बाजू सुमारे ५५ मिलिमीटर, म्हणून क्षेत्रफळ ३०२५ चौरस मिलिमीटर भरते. हे साडेतीन पट झाले. एकाच आकाराचा मोठा फोटो करताना मोठे चित्र कमी पटींनी वाढवावे लागते. त्यामुळे फिल्मवरील चांदीचे कण कमी दिसतात आणि बारीक तपशील टिकून राहतो. आलेखाच्या कागदावर दोन्ही चौकटी काढून दाखवल्या, की विद्यार्थ्यांना हा फरक एका दृष्टिक्षेपात कळतो.

स्वीडनच्या व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी १९४८ साली या जातीचा एक निराळा कॅमेरा बाजारात आणला. त्याचे भिंग, मधली पेटी आणि फिल्मचा डबा हे तिन्ही भाग एकमेकांपासून सुटे करता येत. काळा पातळ पत्रा सरकवून प्रकाश अडवायचा आणि अर्धवट वापरलेल्या फिल्मचा डबाही काढून घ्यायचा, अशी सोय होती. ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकेचे अंतराळवीर वॉली शिर्रा यांनी ह्यूस्टनमधील एका दुकानातून घेतलेला हॅसलब्लाड सोबत नेऊन पृथ्वीभोवती प्रदक्षिणा घातल्या. चित्रे उत्तम आली आणि पुढील मोहिमांसाठी हाच कॅमेरा पसंत पडला.

अपोलो ११ साठी त्यात बरेच बदल करण्यात आले. उन्हाची उष्णता परत फेकली जावी म्हणून बाहेरून चंदेरी मुलामा दिला. फिल्म पुढे सरकवण्यासाठी विजेची मोटर होती. हेल्मेट घातल्यावर डोळा कॅमेऱ्याला लावणे शक्य नव्हते. म्हणून तो छातीवर अडकवून, शरीर वळवूनच नेम धरावा लागे. फिल्मच्या लगत पुढे काचेची एक तबकडी बसवली होती. तिच्यावर पाच ओळींत पाच याप्रमाणे २५ बारीक फुल्या होत्या व दोन फुल्यांतील अंतर १० मिलिमीटर होते. चंद्रावरील चित्रांत दिसणाऱ्या फुल्या त्या याच.

त्यांचा उपयोग मोजमापासाठी होता. भिंगाचे नाभीय अंतर ६० मिलिमीटर होते. सहा मीटरवरील दगडाची प्रतिमा त्यामुळे मूळ आकाराच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी पडते. म्हणजे दोन फुल्यांमधील १० मिलिमीटर हे त्या अंतरावर सुमारे एक मीटर झाले. समरूप त्रिकोणांचे हे उदाहरण नववी-दहावीच्या वर्गात सहज सोडवता येईल.

आता निर्णयाकडे वळू. चंद्रावरून उडताना प्रत्येक किलोला इंधन लागते. नील आर्मस्ट्राँग आणि एडविन ऑल्ड्रिन यांनी सुमारे साडेएकवीस किलो दगडमाती बरोबर आणली. त्या बदल्यात काम झालेल्या वस्तू मागे ठेवायच्या होत्या. पाठीवरचे प्राणवायूचे संच दाराबाहेर टाकले, तेव्हा ते जमिनीवर आपटल्याचे हादरे त्यांनीच मांडून ठेवलेल्या भूकंपमापकाने टिपले! पृष्ठभागावर वापरलेला हॅसलब्लाडही तिथेच राहिला. परत आले ते फक्त फिल्मचे डबे. कॅमेरा कारखान्यात पुन्हा बनवता आला असता, पण प्रकाश पडून गेलेली फिल्म कोणालाही पुन्हा बनवता आली नसती.

मात्र यावरून ‘वापरलेले यंत्र टाकावे’ असा नियम काढणे घाईचे ठरेल. चारच महिन्यांनी, नोव्हेंबर १९६९ मध्ये, अपोलो १२ चे यान सर्व्हेयर ३ या मानवरहित यानाजवळ उतरले. ते यान एप्रिल १९६७ पासून तिथे निश्चल उभे होते. अंतराळवीरांनी त्याचा बंद पडलेला दूरचित्रवाणी कॅमेरा कापून काढला आणि पृथ्वीवर आणला. हॅसलब्लाडपेक्षा तो कितीतरी जड होता. तरी तो का आणला? ३१ महिन्यांचे ऊन, थंडी, निर्वात आणि धूळ यांचा धातूवर, काचेवर व रंगावर काय परिणाम होतो, हे त्या एकाच वस्तूवर लिहिलेले होते. अपोलो १२ उतरताना उडालेल्या धुळीने त्याचा पृष्ठभाग खरवडला गेल्याचे तपासणीत दिसले. चंद्रावर शेजारी शेजारी याने उतरवायची झाल्यास ही माहिती मोलाची आहे.

दोन्ही निर्णयांमागचा प्रश्न एकच होता. न भरून येणारी माहिती कशात आहे? पहिल्या वेळी ती फिल्ममध्ये होती, दुसऱ्या वेळी यंत्रातच होती. अपोलोच्या मूळ फिल्म ह्यूस्टनच्या जॉन्सन अंतराळ केंद्रात अतिथंड कोठीत जपून ठेवल्या आहेत.

आपल्या कपाटातील कॅमेऱ्यालाही हाच प्रश्न विचारावा. आत फिल्म आहे का? असल्यास उजेडात झाकण उघडू नये, अंधाऱ्या खोलीतच ती काढावी. जुन्या निगेटिव्ह सापडल्या तर आधी त्या कोरड्या पाकिटांत घालून वर्ष, प्रसंग आणि व्यक्तींची नावे लिहावीत. ओळखणारी माणसे हयात असतानाच हे काम होते. मग कॅमेऱ्याकडे पाहावे. पावसाळ्याच्या दमटपणाने भिंगावर बुरशी चढली आहे का? शटर उघडते का? उघडत असेल तर मागे फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर लावून शटर उघडे ठेवा. खिडकीबाहेरचे झाड उलटे होऊन कागदावर उतरेल. छिद्र लहान-मोठे करून उजेड आणि स्पष्टता यांतील बदल विद्यार्थ्यांना पाहू द्यावा. १२० क्रमांकाची फिल्म १९०१ साली आली आणि ती आजही बनते. पण ती महाग असल्याने या प्रयोगासाठी तिची गरज नाही.

असा कॅमेरा शाळेने ठेवावा. जो काही शिकवू शकत नाही आणि ज्याची कोणतीही नोंद उरलेली नाही, तो दुरुस्ती करणाऱ्याला सुट्या भागांसाठी द्यावा. निगेटिव्ह मात्र त्याच्याबरोबर जाऊ देऊ नयेत.